शिडांच्या काळातल्या ब्रिटिश आरमाराची बोली: ग्रॉग, पसर, निपर आणि इतर शब्द

गलबतवाला

व्हाइस अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरायचा. त्या झग्यावरून खलाशांनी त्याचं नाव पाडलं 'ओल्ड ग्रॉग'. १७३९ साली स्पॅनिशांचं पोर्तोबेलो बंदर जिंकल्यामुळे इंग्लंडात त्याचा मोठा बोलबाला होता. खलाशांच्या लक्षात मात्र तो राहिला वेगळ्याच कारणाने. २१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदरातून त्याने हुकूम काढला की यापुढे रम कोरी द्यायची नाही. माणशी अर्धा पाइंट रममध्ये एक क्वार्ट पाणी मिसळायचं, म्हणजे एकास चार, आणि तेही दिवसातून दोन वेळा विभागून. मिसळायचं डेकवर, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या डोळ्यांदेखत, कोणी खलाशांना फसवू नये म्हणून. ज्यांनी शिध्यातलं थोडं वाचवलं असेल त्यांनी ते देऊन साखर नि लिंबं घ्यावीत आणि पेय चवदार करावं, असंही हुकमात लिहिलं आहे.

त्या पाणी घातलेल्या रमचं नाव पडलं 'ग्रॉग'. प्यायल्यावर झोकांड्या जाणारा तो 'ग्रॉगी'. पुढे मुष्टियोद्धेही ग्रॉगी होऊ लागले आणि आज झोप पुरी न झालेला कोणीही ग्रॉगी असतो.

हा शब्द मला फार आवडतो, कारण माणूस, तारीख आणि हुकूम, तिन्ही कागदावर सापडतात. जहाजी शब्दांच्या बाबतीत हे दुर्मीळ आहे. ज्या कथा फिरत असतात त्यातल्या बऱ्याच किनाऱ्यावर बसून रचलेल्या असतात. जहाजावर राबणाऱ्या माणसांची बोली दोर, पिंपं, शिधा नि पहारे यांतून घडली, आणि तो खरा उगम रचलेल्या कथेपेक्षा कितीतरी सरस असतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. आपल्याला ठाऊक असलेले शब्द टाका. फक्त कथेबरोबर एक गोष्ट बघा: तो शब्द त्या अर्थाने पहिल्यांदा कधी लिहिला गेला?

मीनाक्षी_पुणे

सुंदर सुरुवात. एक शंका. अर्धा पाइंट म्हणजे पाव लिटरच्या आसपास झालं ना? रोज पाव लिटर रम पिऊन ही माणसं शिडाच्या काठ्यांवर चढत होती?

गलबतवाला

हो ताई, चढत होती, आणि पडतही होती. व्हर्ननच्या हुकमाचं कारण तेच.

मुळात शिध्यात बिअर होती, रोज एक गॅलन. पिंपातलं गोडं पाणी काही आठवड्यांत शेवाळून जाई, बिअर त्या मानाने टिके. पण उष्ण कटिबंधात तीही नासायची. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं आणि तिथे उसाची रम हाताशी आली. ती नासत नाही आणि जागाही कमी घेते. १७३१ च्या नियमांत एक गॅलन बिअर बरोबर अर्धा पाइंट रम असं कोष्टकच घालून दिलं.

मग ती घटत गेली. १८२४ मध्ये निम्मी, १८५० मध्ये पुन्हा निम्मी. उरला तो आठवा हिस्सा पाइंट, साधारण ७० मिलीलिटर. त्याला म्हणायचे 'टॉट'. ३१ जुलै १९७० ला तोही बंद झाला. त्या दिवसाचं नाव 'ब्लॅक टॉट डे'. काही जहाजांवर खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधून टॉटची अंत्ययात्रा काढली.

आठ घंटा

भारतीय नौदलातून निवृत्त झालो आहे. आमच्या काळी ब्रिटिशांसारखा रोजचा टॉट नव्हता, पण त्याच्या कहाण्या जुन्या लोकांकडून भरपूर ऐकल्या. टॉटभोवती जी बोली तयार झाली ती इथे नोंदवतो, कारण धागाकर्त्याने रमचा विषय काढून ती अर्धीच सोडली.

दुपारच्या जेवणाआधी शिट्टी व्हायची: 'अप स्पिरिट्स!' स्पिरिट म्हणजे दारूही आणि आत्माही. तेव्हा मेसमधून पुटपुटत उत्तर यायचं, 'स्टँड फास्ट द होली घोस्ट'. बाकीचे आत्मे वर या, पवित्र आत्म्याने जागीच थांबावं. मिसळायचं ओकच्या पिंपात, आणि त्या पिंपावर पितळी अक्षरांत 'द किंग, गॉड ब्लेस हिम' किंवा राणीचं राज्य असेल तर तसं.

टॉट हे जहाजावरचं चलनच होतं. कोणी तुमचा पहारा केला, वाढदिवस असला, उपकार फेडायचे असले, तर आपल्या टॉटमधून द्यायचं. किती द्यायचं त्याची मापं ठरलेली. 'सिपर्स' म्हणजे ओठ ओले होतील एवढाच घोट. 'गल्पर्स' म्हणजे एक मोठा घोट. आणि 'सँडी बॉटम्स' म्हणजे तळ दिसेपर्यंत सगळा. पाणी न घातलेली रम ती 'नीटर्स', ती वरच्या दर्जाच्या पेटी ऑफिसरांनाच मिळे. नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे अक्षर असे: जी म्हणजे ग्रॉग, टी म्हणजे टेंपरन्स, यू ए म्हणजे अंडर एज, वीस वर्षांखालचा. टी वाल्याला रमऐवजी दिवसाला तीन पेनी मिळत.

'स्प्लाइस द मेनब्रेस' हा तर अजून जिवंत हुकूम आहे. मेनब्रेस म्हणजे मुख्य शिडाची आडवी काठी फिरवणारा दोर, चालत्या दोरखंडांतला एक सर्वांत जाड. लढाईत तो तुटला की भर गोळीबारात सांधायचा. अशा कामानंतर जादा रम मिळे. पुढे दोर सांधायची गरज राहिली नाही, नुसती जादा रम राहिली. २०१२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला हा हुकूम निघाला होता.

चौकस

वा, मजा आली वाचून. माझ्याकडून दोन.

१. जहाजावर तोफेचे लोखंडी गोळे पितळेच्या ताटलीवर पिरॅमिडसारखे रचत. त्या ताटलीला 'ब्रास मंकी' म्हणत. कडाक्याच्या थंडीत पितळ लोखंडापेक्षा जास्त आकसतं, खोलगट खाचा लहान होतात आणि गोळे घरंगळतात. त्यावरून थंडीचा तो प्रसिद्ध वाक्प्रचार: पितळी माकडाचे गोळे गळून पडतील अशी थंडी.

२. 'पॉश'. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर येताना डाव्या बाजूची आणि जाताना उजव्या बाजूची केबिन सावलीत असे. श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं छापत. त्यावरून पॉश.

गलबतवाला

चौकस, या दोन्ही कथा इथे आल्या हे फार बरं झालं, कारण दोन्ही तपासता येतात.

पितळेचं आकसणं आधी बघू. एका अंशाला पितळ मीटरमागे साधारण १९ मायक्रोमीटर आकसतं, लोखंड साधारण १२. फरक ७. ताटली पाऊण मीटरची धरा आणि तापमान तब्बल ३० अंशांनी उतरलं असं धरा. फरक येतो सुमारे ०.१६ मिलिमीटर. एवढ्याने एकही गोळा हलणार नाही. त्यात जहाज सतत डोलतं. डोलत्या डेकवर गोळ्यांचा पिरॅमिड कोणता तोफची रचेल? गोळे ठेवत ते लाकडी फळीला भोकं पाडून, तोफांच्या मधल्या जागेत आणि झडपांच्या कडेने. त्या फळीला 'शॉट गार्लंड' म्हणत. आणि १८४७ मध्ये छापलेल्या एका सागरी कथेत पितळी माकडाचं नाक *उष्णतेने* वितळतं. त्या काळच्या इतर वापरांतही माकडाचं नाक, कान, शेपूट येतं. म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर माकडाची मूर्ती होती. तोफेचे गोळे नंतर कोणीतरी आणून ठेवले.

पॉशचं गणित भूगोलापुरतं बरोबर आहे. तांबड्या समुद्रातून आणि पुढे अरबी समुद्रातून पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेला पडते, परतताना उजवी. पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट कधी कोणाला सापडलं नाही. ही कथा छापून आली १९३० च्या दशकात, आणि 'पॉश' हा शब्द त्याआधीपासून वापरात होता. १९व्या शतकाच्या अखेरीस छानछोकी करणाऱ्याला पॉश म्हणत, त्याही आधी चिल्लर पैशाला.

माझा एक ठोकताळा आहे. जुन्या शब्दाचा उगम आद्याक्षरांतून सांगितला की सावध व्हायचं. आद्याक्षरं जोडून शब्द करायची रीत विसाव्या शतकात, महायुद्धांच्या काळात रुळली. शिडांच्या काळातले पुष्कळ खलाशी निरक्षर होते. ते अक्षरं जोडून शब्द कसे करतील?

पोर्टस्मथकर

मी पोर्टस्मथजवळ राहतो. इथल्या गोदीत 'एचएमएस व्हिक्टरी' उभं आहे, ट्राफल्गारच्या लढाईतलं नेल्सनचं जहाज. त्याच्या खालच्या तोफमजल्यावर उभं राहिलं की दोन शब्द समोर दिसतात. ते जसे पाहिले तसे सांगतो.

पहिला 'निपर'. नांगराचा दोर माणसाच्या मांडीएवढा जाड असतो. एवढा दोर कॅपस्टनभोवती गुंडाळता येत नाही. कॅपस्टन म्हणजे मधोमध उभा असलेला लाकडी दंडगोल, त्यात आडवे दांडे घालून माणसं गोल फिरत ढकलतात. मोठ्या जहाजावर दोनशेच्या वर माणसं लागत. मग युक्ती अशी केली की कॅपस्टनभोवती एक बारीक अखंड दोर फिरवायचा, त्याचं नाव 'मेसेंजर'. नांगराचा जाड दोर त्या मेसेंजरला थोड्या थोड्या अंतरावर बांधायचा, की मेसेंजर चालला की जाड दोर त्याच्यासोबत ओढला जातो. बांधायच्या त्या छोट्या दोऱ्या म्हणजे निपर. दोर आत आला की खाली साठवणीच्या कोठीत उतरण्याआधी निपर सोडायचा, पळत पुढे जायचं आणि पुन्हा नव्याने बांधायचा. हे काम जहाजावरची पोरं करत. अंधार, वरून टपकणारं चिखलपाणी, वाकूनच चालायचं कारण छत बेताचं. मी साधारण उंचीचा माणूस, पण तिथे मान वर करता येत नाही.

आज इंग्रजीत लहान पोराला निपर म्हणतात ते यावरून, असं इथे सांगतात.

दुसरा शब्द 'बिटर एंड'. जिथे तो जाड दोर गुंडाळून अडवला जातो ते दणकट खुंट म्हणजे 'बिट्स'. खुंटांच्या आतल्या बाजूला राहिलेलं दोराचं टोक ते बिटर एंड. दोर सोडत सोडत तिथवर पोचलात म्हणजे आता सोडायला काही उरलं नाही. कडूपणाचा संबंध नाही. कॅप्टन जॉन स्मिथने, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या त्याच स्मिथने, १६२७ मध्ये हा अर्थ लिहून ठेवलाय.

गलबतवाला

फार नेमकं लिहिलंत. निपर दोरीबद्दल तर वादच नाही. पोराच्या अर्थाबद्दल एवढंच जोडतो की सोळाव्या शतकात लंडनमध्ये 'निपर' म्हणजे पाकीटमार, कमरेची थैली कापणारा पोरगा. तेव्हा पोराचा अर्थ जहाजावरून आला की लंडनच्या गल्लीतून, यावर कोशकारांत एकमत नाही. बिटर एंड मात्र खणखणीत.

ज्यांच्यात शंका नाही असे आणखी चार चटकन टाकतो. 'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे झिंगलेला: शीट म्हणजे शिडाचं खालचं टोक आवळणारा दोर, ते सुटले की शीड फडफडतं आणि जहाज भरकटतं. 'टेकन अबॅक' म्हणजे एकदम चकित झालेला: वारा अचानक समोरून आला की शिडं उलटी डोलकाठीवर चिकटतात आणि जहाज जागीच थबकतं. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत: वारा पुढून असो की मागून, दोन्हीत नीट चालणारं जहाज. 'अलूफ' म्हणजे अलिप्त: जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवून किनाऱ्यापासून लांब राहणं.

खवय्यी

मला शिध्याच्या शब्दांत रस आहे. कोणी 'पसर' म्हटलं नाही अजून? शीर्षकात तर आहे!

पसर म्हणजे 'पर्सर', जहाजाचा कोठावळा. खलाशांच्या तोंडी त्याचं पसर झालं आणि मग सरकारी, नियमातलं, वरून आलेलं जे जे ते सगळं पसर झालं. सरकारी मेणबत्ती ती 'पसर्स डिप'. नियमावर बोट ठेवणारा अधिकारी तो 'व्हेरी पसर'.

या शब्दात चीड का भरली आहे ते कळायला पसरचं वजन माहीत हवं. पौंड सोळा औंसांचा. पसरचा पौंड चौदा औंसांचा! सांडलवंड, घट, उंदीर यांची भरपाई म्हणून दर पौंडामागे दोन औंस कोठावळ्याने कापून घ्यायचे, आणि हे अधिकृत होतं. म्हणजे खलाशाच्या ताटातला आठवा हिस्सा रोज जात होता. एप्रिल १७९७ मध्ये पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेडला संपूर्ण ताफ्याने नांगर उचलायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीच्या बरोबरीने हीच होती: पौंड सोळा औंसांचा करा. आणि ती मान्य झाली. हे वाचल्यापासून पसर हा शब्द मला नुसता गमतीचा वाटत नाही.

दुसरा शब्द 'स्लश'. खारवलेलं मांस तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळायचे. वर चरबीचा जाड तवंग येई, तो काढून पिंपात भरायचे. तोच स्लश. तो खाल्ला तर स्कर्व्ही होते अशी समजूत होती, म्हणून खायला बंदी. थोडा डोलकाठीला नि दोरांना चोपडायला वापरायचा, उरलेला आचाऱ्याने बंदरात मेणबत्तीवाल्याला विकायचा. आचारी पुष्कळदा लढाईत पाय किंवा हात गमावलेला जुना खलाशी असे, त्याला हा वरकड आधार. अमेरिकन आरमारात या विक्रीचे पैसे सामायिक ठेवून खलाशांसाठी बारीकसारीक चैनीच्या वस्तू घ्यायचे. तो 'स्लश फंड'. आज राजकारणातल्या काळ्या पैशाला जो शब्द लावतात त्याचा उगम या हंड्यात आहे.

'बर्गू' म्हणजे ओटची लापशी, शब्द तुर्की-अरबी 'बुर्गुल'मधून. 'लॉबस्काउस' म्हणजे खारं मांस, कांदा आणि जहाजी बिस्किटाचा चुरा यांचं कालवण. लिव्हरपूलमध्ये ते इतकं खाल्लं गेलं की तिथल्या माणसांचंच नाव 'स्काउस' पडलं.

चौकस

'स्क्वेअर मील' (पोटभर जेवण) हाही जहाजावरचाच ना? चौकोनी लाकडी ताटांवरून?

गलबतवाला

चौकोनी ताटं खरी होती, काही संग्रहालयांत ठेवली आहेत. पण शब्द जहाजावरचा नाही. तो १९व्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत, जमिनीवर दिसतो. 'स्क्वेअर' म्हणजे चोख, प्रामाणिक, पुरेपूर. 'नो रूम टु स्विंग अ कॅट', म्हणजे अगदी अडचणीची जागा, याचंही तसंच. ते 'कॅट' नावाच्या नऊ शेपट्यांच्या चाबकावरून आलं असं सांगतात, पण हा वाक्प्रचार १६६५ मध्ये छापलेला आहे आणि चाबकाचं ते नाव लिखित दिसतं १६९० च्या दशकात.

मीनाक्षी_पुणे

एक शब्द टाकायचा की नाही याचा विचार करत होते. 'स्वीट फॅनी अ‍ॅडम्स'. इंग्रजीत याचा अर्थ 'काहीच नाही', आणि बोलणाऱ्या बहुतेकांना ती कोण हे माहीत नसतं.

ती आठ वर्षांची मुलगी होती. इंग्लंडच्या हँपशर परगण्यातलं आल्टन गाव. २४ ऑगस्ट १८६७ च्या दुपारी ती बहिणीबरोबर आणि मैत्रिणीबरोबर घराजवळच्या कुरणात खेळत होती. फ्रेडरिक बेकर नावाच्या वकिलाच्या कारकुनाने तिला उचलून नेलं आणि मारलं. तिच्या देहाची जी विटंबना त्याने केली ती मी लिहिणार नाही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला विंचेस्टरला त्याला फाशी दिलं.

साधारण त्याच सुमारास आरमारात डबाबंद मटण द्यायला सुरुवात झाली. खलाशांना ते मांस अजिबात आवडेना आणि डब्यात काय आहे ते ओळखू येईना. त्यांनी त्या मांसाला त्या मुलीचं नाव दिलं. मग रिकाम्या डब्यालाही 'फॅनी' म्हणू लागले, त्याच डब्यांची जेवणाची भांडी झाली, आणि शेवटी निरुपयोगी गोष्ट, म्हणजे 'काहीच नाही', असा अर्थ उरला. व्यापारी जहाजांवर असंच एक नाव होतं, 'हॅरिएट लेन'. तीही १८७४ मध्ये खून झालेली एक स्त्री.

खलाशांच्या बोलीची ही बाजूही धाग्यात असायला हवी असं मला वाटलं. आल्टनच्या दफनभूमीत फॅनीची समाधी लोकवर्गणीतून उभारलेली आहे.

खवय्यी

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मी हा शब्द सहज वापरत आले आहे. यापुढे नाही वापरणार.

आठ घंटा

ब्रिटिश बोलीतले बरेच शब्द आपल्या नौदलात आजही रोजच्या वापरात आहेत. संडासाला 'हेड्स' म्हणतात, कारण शिडाच्या जहाजावर ती सोय अगदी पुढे, नाळेपाशी, कोरीव मूर्तीच्या मागे असे. वारा मागून येतो, लाटा पुढे आदळतात आणि सगळं धुऊन नेतात. स्वयंपाकघर 'गॅली', अधिकाऱ्यांची जेवणा-बसण्याची खोली 'वॉर्डरूम', कचरा 'गॅश'.

पण मला सर्वांत आवडतो तो 'स्टोन फ्रिगेट'. जमिनीवरच्या नौदल तळाला हे नाव. १८०४ मध्ये ब्रिटिशांनी मार्टिनिक बेटाजवळचा डायमंड रॉक नावाचा सुळका ताब्यात घेतला, त्यावर दोरांनी तोफा चढवल्या आणि आरमाराच्या दप्तरी चक्क जहाज म्हणून त्याची नोंद केली. सव्वा वर्षाहून जास्त काळ तो फ्रेंचांना छळत राहिला. तेव्हापासून जमिनीवरचा तळही जहाजच. नावाआधी जहाजाचंच 'एचएमएस' किंवा 'आयएनएस' हे बिरुद, जमिनीला 'डेक', आणि फाटकाबाहेर पडणं म्हणजे 'अशोअर' जाणं.

आता आपल्या लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' बघा. फेब्रुवारी १९४५ पासून आहे. बोरघाट चढून वर, सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसाळ्यात धुक्यात बुडालेली. नौदलाचे इंजिनीअर तिथे शिकतात. तिथून बाजारात चिक्की आणायला जायचं तरी माणूस 'लिबर्टी'वर जातो, म्हणजे किनाऱ्यावरच्या रजेवर.

मिऱ्याबंदर

मी रत्नागिरीचा. आजोबा बोटीवर होते, आमच्या आळीतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी होतं. पी अँड ओ सारख्या कंपन्यांत डेकवरची माणसं आमच्या किनाऱ्याची, आणि खानपानाकडची गोव्याची, असा रिवाजच होता. म्हणून उलट बाजूने लिहितो: आपल्या किनाऱ्यावरून त्यांच्या बोलीत काय गेलं.

'धोबी'. ब्रिटिश नौसैनिक आजही कपडे धुण्याला 'धोबीइंग' म्हणतात, साबणाच्या पावडरला 'धोबी डस्ट'. आपल्या डोक्यात धोबी हा माणूस, त्यांच्या डोक्यात ते काम.

'डंगरी'. जाड सुती कापड, १७व्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत आहे. आधी त्याची शिडं नि तंबू, मग खलाशांच्या विजारी. हे नाव मुंबईच्या डोंगरीशी जोडलं जातं.

'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट'. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांत हे दोन शब्द जिथे तिथे येतात, बहुतेक वेळा भीतीच्या वाक्यात. हे आपले गुराब आणि गलबत. कान्होजी आंग्र्यांच्या ताफ्याचा कणा. गुराब मूळ अरबी, अर्थ कावळा किंवा डोमकावळा. गुराबावर मोठ्या तोफा, आणि वारा पडला की वल्ह्यांवरची गलबतं त्यांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, जिथे शत्रूच्या तोफा कमी.

आणि बोटीवरची उतरंड बघा. सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी. इंग्रज अधिकारी 'सेरँग' आणि 'टिंडल' म्हणत. सारंग फारसी 'सरहंग'वरून. सुकाणी अरबी 'सुक्कान'वरून, त्याचंच आपलं सुकाणू. नाखवा फारसी 'नाखुदा'वरून. आरमार पोर्तुगीज 'अर्मादा'वरून. तांडेल तर कोळ्यांत आडनावच झालं.

गलबतवाला

मिऱ्याबंदर, अशा माहितीची वाटच बघत होतो. यात एक भर. सारंग नि तांडेल ज्या भाषेत हुकूम देत ती 'लष्करी' बोली (लष्कर म्हणजे इथे बोटीवरचे भारतीय खलाशी, इंग्रजीत 'लॅस्कर') टॉमस रोबक या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने गोळा केली आणि १८११ मध्ये कलकत्त्यात तिचा कोश छापला. का छापावा लागला? कारण भारतीय खलाशी आपली बोली सोडत नव्हते आणि वादळात दुभाषा शोधायला वेळ नसतो. इंग्रज अधिकाऱ्यालाच ती शिकावी लागे. त्यात डोलकाठी 'डोल' आहे. पुढच्या डोलकाठीचं 'त्रिकट' हे पोर्तुगीज 'त्राकेत'वरून आणि वरच्या शिडाचं 'गावी' हे पोर्तुगीज 'गाव्हिया'वरून. अरबी, फारसी, पोर्तुगीज, कोकणी, बंगाली, सगळं एका दोरात वळलेलं.

आजोबा बोटीवर कोणते शब्द वापरत ते घरात कोणाला आठवत असेल तर कृपया लिहून ठेवा. अशा बोलीचे कोश फार थोडे आहेत.

मिऱ्याबंदर

आत्या आहेत, त्यांना बरंच आठवतं. दिवाळीत गेलो की त्यांच्याजवळ बसून लिहून घेतो आणि इथेच टाकतो.

नाशिककर

'डूलाली', म्हणजे डोकं फिरलेला, चालेल का? आमच्या देवळालीवरून आला आहे. मायदेशी परतायचे ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडून असत. सैन्य नेणाऱ्या बोटी फक्त थंडीच्या महिन्यांत निघायच्या. मुदत उन्हाळ्यात संपली तर महिनोन् महिने उकाडा, रिकामपण, दारू आणि हिवताप. काही जणांची डोकी फिरायची. मूळ शब्द 'डूलाली टॅप' असा होता, टॅप म्हणजे आपला ताप.

आठ घंटा

शब्द पायदळाचा आहे, पण वाट बघत होते ती बोटीचीच. माझी हरकत नाही.

गलबतवाला

माझीही नाही. देवळाली १८६० च्या दशकापासून छावणी आहे, कागदपत्रं आहेत, शब्दाचे दोन्ही भाग ओळखता येतात. चोख शब्द.

पोर्टस्मथकर

जहाजांच्या नावांचं खलाशी काय करत तेही नोंदवूया. अधिकारी ग्रीक पुराणं वाचलेले, नावं तशीच ठेवत. 'बेलेरोफोन'चं खलाशांनी केलं 'बिली रफियन', गुंड बिली. 'अ‍ॅगमेम्नॉन'चं 'एग्ज अँड बेकन'. १५ जुलै १८१५ ला नेपोलियन शरण आला तो याच बिली रफियनच्या डेकवर.

खवय्यी

शेवटचं विचारते. 'स्कटलबट' म्हणजे अफवा, हे कसं?

गलबतवाला

'बट' म्हणजे मोठं पिंप, 'स्कटल' म्हणजे भोक पाडणं. डेकवर रोजच्या पिण्याच्या पाण्याचं पिंप आडवं ठेवलेलं असे आणि त्याला भोक बेतानेच उंचावर पाडत, म्हणजे ते पूर्ण भरता येऊ नये आणि पाणी जपून वापरलं जावं. माणसं तिथे पाणी प्यायला थांबत आणि बोलत. अफवेचा अर्थ अमेरिकन आरमारात विसाव्या शतकात रूढ झाला. ऑस्ट्रेलियात अगदी असंच घडलंय: पहिल्या महायुद्धात छावण्यांना पाणी पुरवणाऱ्या गाड्यांवर फर्फी या बनवणाऱ्याचं नाव ओतीव अक्षरांत असे, गाडीपाशी गप्पा चालत, आणि तिथे अफवेला 'फर्फी' म्हणू लागले.

मीनाक्षी_पुणे

आणि 'डॉग वॉच'? कुत्र्याचा काय संबंध?

आठ घंटा

नावाच्या कथा अनेक आहेत, त्यात न शिरता काम सांगतो, ते जास्त सुंदर आहे. पहारे चार-चार तासांचे. चोवीस तासांत सहा. खलाशांचे दोन गट आळीपाळीने पहारा देतात. सहा हा सम आकडा, म्हणजे मध्यरात्रीचा पहारा एकाच गटाच्या वाट्याला रोज येणार, कायमचा. म्हणून दुपारी चार ते रात्री आठ हा पहारा मधोमध तोडला: चार ते सहा फर्स्ट डॉग, सहा ते आठ लास्ट डॉग. सात पहारे झाले, विषम. आता मध्यरात्रीचा पहारा रोज दुसऱ्या गटाकडे जातो, आणि दोन्ही गटांना संध्याकाळचं जेवण वेळेवर मिळतं. आपल्या युद्धनौकांवर आजही डॉग वॉच असाच चालतो.

मीनाक्षी_पुणे

कागदावर मांडून बघितलं. बरोबर येतं!